शिंगाची कमान आणि कळकाचा कमठा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, इ. स. १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतानें निघाला आणि विक्रीचा एक घोडा सोबत घेऊन चौल बंदरांत उतरला. चौल त्या वेळीं बहामनी राज्याचें भरभराटीचें बंदर होतें. शेजारच्या रेवदंड्यास आज या व्यापाऱ्याचें स्मारकही आहे. निकितिनानें या किनाऱ्यावरचीं माणसें जशीं दिसलीं तशीं आपल्या टिपणांत नोंदून ठेविलीं: अंग उघडें, पाय अनवाणी, कमरेला वस्त्र, आणि सरदारांच्या नोकरांपैकीं कोणाच्या हातीं ढाल-तरवार, कोणाच्या हातीं भाला, तर कोणाच्या हातीं धनुष्यबाण.

तें धनुष्य कशाचें होतें, हें तो सांगत नाहीं. परदेशी प्रवाशाला सगळीं धनुष्यें सारखींच दिसावीं, यांत नवल नाहीं. परंतु रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर हाच प्रश्न आधीं विचारावा लागतो. कारण धनुष्य ही हवेच्या मर्जीनें जगणारी वस्तु आहे. एका हवेंत जें धनुष्य राजाच्या हातीं शोभतें, तेंच दुसऱ्या हवेंत दोन पावसाळ्यांत निकामी होतें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराचें जें प्रकरण आहे, त्यांत धनुष्याचें द्रव्य चार प्रकारचें सांगितलें आहे: ताड, बांबू, लांकूड आणि शिंग. दोरीच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि जनावरांचे स्नायु यांचीं नांवें आहेत. यांपैकीं ताड आणि बांबू हे या किनाऱ्याचे रहिवासीच आहेत. शिंगाचें धनुष्य मात्र मराठी माणसाला ऐकून ठाऊक आहे, तेंही नकळत. कीर्तनांत आणि भजनांत देवाला शार्ङ्गधर आणि शार्ङ्गपाणि म्हणतात. त्यांतील शार्ङ्ग म्हणजे शृंगाचें, शिंगाचें धनुष्य, हें क्वचितच कोणाच्या ध्यानीं येतें.

शिंगाचें धनुष्य म्हणजे सगळें शिंगाचेंच असतें असें नव्हे. त्याच्या गाभ्यांत लांकडाची किंवा बांबूची पातळ कांब असते; ती केवळ सांगाडा होय. तिरंदाजाकडे जी बाजू येते तिच्यावर म्हशीच्या शिंगाची तासून सपाट केलेली पट्टी चिकटवितात, आणि लक्ष्याकडे जी बाजू येते तिच्यावर जनावराच्या पायांतील किंवा पाठींतील स्नायूंचे तंतु सरसांत भिजवून थरावर थर बसवितात. धनुष्य ओढलें म्हणजे त्याची आंतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. दाब सोसण्यांत शिंग लांकडाच्या कितीतरी पुढें आहे, आणि ताण सोसण्यांत स्नायु. हीं दोन्ही कामें लांकडाला एकट्यानें करावीं लागलीं, तर धनुष्य पुरुषभर उंच ठेवावें लागतें, नाहीं तर तें मोडतें. शिंग आणि स्नायु यांनीं तीं कामें वांटून घेतलीं कीं, घोड्यावर बसून वापरतां येईल इतकें आखूड धनुष्यही तितकाच जोर धरूं शकतें.

या सर्वांना एकत्र धरणारा पदार्थ सरस. कातडीं आणि स्नायु उकळून केलेला सरस चालतो; पण तुर्की आणि कोरियन कारागिरांनीं माशाच्या पोटांतील हवेच्या पिशवीपासून केलेल्या सरसाला विशेष मान दिला. अलिबाग-मुरुडच्या कोळ्यांना ही पिशवी चांगली परिचयाची आहे. घोळ माशाची पिशवी वाळवून परदेशीं जाते आणि माशाच्या मांसाहून तिला किंमत अधिक येते. कोरियांत धनुष्याच्या सरसासाठीं ज्या माशाची पिशवी घेतात, तो घोळ माशाच्याच कुळांतला आहे. तेव्हां म्हैस आहे, बांबू आहे, मासा आहे. शिंगी कमानीची सगळी सामग्री या किनाऱ्यावर हाताशीं आहे. नाहीं ती फक्त कोरडी हवा.

स्नायूंचा थर वाळतांना आकसतो आणि सबंध धनुष्याला लक्ष्याच्या दिशेनें उलटें वळवितो. हिंदुस्थानी शिंगी कमान दोरी उतरविली कीं खेकड्याच्या नांग्यांप्रमाणें पुढें वळून बसे. दोरी चढवितांना हें सगळें वळण फिरवून मागें आणावें लागे, आणि अनाडी हातांत कमानीला पीळ पडून ती कायमची बिघडे. वाळण्यास महिने लागत. उत्तम कमानीला वर्ष, दोन वर्षेंही लागत.

टोंकांच्या याच उलट वळणामुळें अशा धनुष्याला आज जगभर रिकर्व्ह म्हणतात. हें वळण शोभेसाठीं नसतें. साध्या धनुष्याची दोरी फक्त दोन टोंकांना शिवते. रिकर्व्ह धनुष्यांत ती टोंकांच्या वळणावर टेकलेली असते. त्यामुळें आरंभीं दोरी जणूं आंखूड असते आणि पहिल्या विताभरांतच हाताला चांगला जोर जाणवतो. पुढें दोरी जसजशी वळणावरून सुटत जाते, तसतशी ती लांब होते, टोंकें तरफेप्रमाणें साहाय्याला येतात, आणि शेवटच्या दोन इंचांत साधें धनुष्य जसें हाताला जड होत जातें तसें हें होत नाहीं. गालाशीं दोरी आणून क्षणभर स्थिर राहणें जमतें तें यामुळें. ओढतांना सांठविलेली शक्ति अधिक, म्हणून बाणाला वेगही अधिक.

एवढ्या गुणी वस्तूचा वैरी एकच: पाणी. सरस ओलाव्यानें मऊ पडतो. अलिबागेस वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत पेटींतल्या कपड्यांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतें, दारें फुगून चौकटींत अडकतात. अशा हवेंत शिंगी कमानीचे थर सैल होतात आणि तिचा जोर उतरतो. कोरियांत शिंगी धनुष्य बाळगणारे लोक तें आजही ऊब दिलेल्या कपाटांत ठेवतात.  मोगल काळीं हिंदुस्थानांत सबंध पोलादाच्या कमानी घडविल्या जात. बाण फेकण्यांत त्या शिंगी कमानीच्या तोडीच्या नव्हत्या. परंतु शस्त्रागारांत वर्षानुवर्षें पडून राहिल्या तरी त्यांचे थर सुटण्याची भीति नव्हती, आणि म्हणूनच त्या केल्या गेल्या असाव्यात, असें शस्त्रांचे अभ्यासक मानतात.

या किनाऱ्यानें शिंगी कमानीचे नामांकित धनी एकदां जवळून पाहिले. १५०८ सालीं इजिप्तच्या ममलूक सुलतानाचें आरमार पोर्तुगिजांशीं लढण्यासाठीं चौलच्या खाडींत शिरलें. ममलूक हे धनुर्विद्येंत जन्म घालविणारे लोक. शिंगी धनुष्य हें त्यांचें जातिवंत शस्त्र. त्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मैद याचा तरुण मुलगा लुरेंसु मारला गेला आणि जय ममलुकांचा झाला. पण तो जय वर्षभरही टिकला नाहीं. १५०९ च्या फेब्रुवारींत दीव येथें पोर्तुगीज तोफांनीं त्याची भरपाई करून घेतली. पुढें शिवाजीमहाराजांनीं १६७९ सालीं खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला आणि इंग्रज व सिद्दी त्यासाठीं झगडले, तेव्हां या समुद्रावर बोलत होत्या त्या तोफाच.

शिंगी कमान गेली आणि मागें एक शब्द ठेवून गेली. ती बोटांनीं नव्हे, आंगठ्यानें ओढीत. दोरीनें आंगठा कापूं नये म्हणून त्यांत शिंगाची, हस्तिदंताची किंवा दगडाची आंगठी घालीत. फारसींत या आंगठीला आणि आंगठ्यालाही ‘शस्त’ म्हणत. त्यावरून नेम धरणें या अर्थानें शब्द रूढ झाला, आणि मराठींत तो ‘शिस्त’ झाला. जुन्या मराठींत बंदूकवाला शिस्त धरी, म्हणजे नेम धरी. आजचा शाळामास्तर ज्या शिस्तीविषयीं मुलांना रागें भरतो, तिच्या मुळाशीं एका तिरंदाजाचा आंगठा आहे, हें ऐकून मुलांना कदाचित् बरें वाटेल.

दुसरें धनुष्य मात्र गेलें नाहीं. तें रानांत राहिलें.

पेण, रोहा, सुधागड, अलिबाग, मुरुड या तालुक्यांतील डोंगरांच्या कुशींत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लांकडापासून कात काढणारे म्हणून त्यांना कातकरी किंवा काथोडी हें नांव पडलें. आपण रामाच्या सैन्यांतील वानरांचे वंशज आहों, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. कोदंडधारी रामाशीं नातें सांगणाऱ्या या जमातीच्या हातीं धनुष्य असावें, हा योग खासाच म्हणावा लागेल. त्या धनुष्याला मराठींत कमठा म्हणतात, आणि बाणासह तोच तिरकमठा. चिखलाच्या गोळ्या मारण्याची गलोल ही त्याचीच धाकटी बहीण: तिला दोन दोऱ्या आणि मध्यें गोळी धरण्यास चिंधीची लहानशी गादी.

कळकाचा कमठा पाहणाऱ्याला फार सोपा वाटतो. एक चिरलेली कांब आणि एक दोरी, दुसरें कांही नाहीं. पण निसर्गानें बांबूंत तेंच केलें आहे जें कारागीर शिंग आणि स्नायु जोडून करतो. बांबूचे सर्वांत चिवट तंतु त्याच्या हिरव्या सालीलगत दाटलेले असतात. आंतला भाग त्या मानानें मऊ. म्हणून जाणता माणूस सालीची बाजू लक्ष्याकडे ठेवतो आणि तिला कोयता लावीत नाहीं. तो तासतो तें आंतून. मध्यें मूठभर जागा जाड, तेथून टोंकांपर्यंत हळूहळू पातळ. गांठ आली कीं हात आंखडावा लागतो, कारण कांब मोडते ती बहुधा गांठीशीं. मग विस्तवाच्या धगीवर धरून वांकडेपणा काढावयाचा, सैल दोरी लावून थोडें ओढून पाहावयाचें, जेथें कांब ताठ राहते तेथें दोन खरवडे काढावयाचे, आणि पुन्हां ओढून पाहावयाचें. दोन्ही बाहू सारखे वांकेपर्यंत हें चालतें. घाई करणाऱ्याच्या हातांत शेवटीं चुलींत घालण्याजोगी काठी उरते.

या धनुष्यांत सरस नाहीं, म्हणून सुटण्यासारखें कांही नाहीं. भिल्लांच्या मुलखांत तर दोरीही बांबूच्याच पातीची करतात. कमठ्याचा बाण लांब जात नाहीं. पण कोकणच्या रानांत लांब दिसतें तरी कोठें? करवंदीच्या जाळीमागच्या सशाला किंवा रानकोंबड्याला पंधरा-वीस पावलांवरून गांठावयाचें, त्याला दोनशें हात पल्ल्याची कमान काय कामाची? शिकाऱ्याला पावलांचा आवाज न होऊं देणें आणि वारा ओळखणें हीच निम्मी तिरंदाजी. कमठा मोडला तर दुःख नाहीं. दुसरी कांब आहे. राजाची कमान मोडली तर दोन वर्षें वाट पाहावी लागे.

जी वस्तु चार महिन्यांच्या पावसाला पुरून उरली, ती आतां जात आहे, आणि तिला घालविणारी गोष्ट हवेंत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद केली. मुरुड व रोहा तालुक्यांतील फणसाडचें रान पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबाची राखीव शिकारीची जागा होतें. तेथें १९८६ सालीं अभयारण्य झालें, आणि शेकरूसारखा प्राणी तेथें निर्भयपणें या फांदीवरून त्या फांदीवर जातो. कायदा योग्यच आहे. शेकरूच्या बाजूनें उभें राहिलें पाहिजे. मात्र धनुष्य नाहींसें होण्याचा सगळा दोष कायद्याच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. शिकार संपली तरी विद्या टिकूं शकते. तुर्कस्थानांत आणि कोरियांत ती तशी टिकली आहे. अडचण निराळीच आहे, आणि ती पंचांगाची आहे.

बांबू तोडावयाचा तो पावसाळा संपून त्यांतला रस ओसरल्यावर, आणि कोकणांतील जुन्या समजुतीप्रमाणें अंधाऱ्या पक्षांत, म्हणजे त्याला भुंगा लागत नाहीं. पुढें तो सांवलींत किंवा चुलीवरच्या धुरांत वाळावयाचा. म्हणजे कमठ्याचें काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांतलें. नेमके त्याच महिन्यांत कातकरी कुटुंबें वाडी सोडून जातात. आगाऊ उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं बायका-मुलांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर मुक्काम पडतो, आणि परतणें होतें तें पावसाच्या तोंडावर. जो मुलगा बापामागून रानांत हिंडून कांब निवडावयास शिकला असता, तो त्या दिवसांत भट्टीवर विटा उलथीत असतो. वाडीवर तो परत येतो तेव्हां बांबू ओला असतो आणि तोडण्याजोगा नसतो. एका पिढीला असें झालें कीं पुढच्या पिढीला शिकविणारा उरत नाहीं. महाराष्ट्रांत कातकऱ्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते. त्या असुरक्षिततेच्या यादींत धनुष्याला जागा नाहीं, आणि पोटाचा प्रश्न उभा असतां ती असावी असेंही कोणी म्हणणार नाहीं. तरीही उचलीचा फांस सैल झाला तर जें वाचेल, त्यांत हेंही आहे.

इकडे शहरांत धनुष्याला चांगले दिवस आले आहेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून तिरंदाजी त्या सामन्यांत परत आली. तेथें वापरतात तें रिकर्व्ह धनुष्यच. लक्ष्य ७० मीटरांवर, आणि त्याच्या मधलें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १२.२ सेंटिमीटरांचें. सातारा जिल्ह्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव हा मराठी तरुण २०२१ सालीं टोकियोस या धनुष्यानें खेळला. धातूच्या मुठीचीं हीं यांत्रिक घडणीचीं धनुष्यें निराळीं. पण त्यांबरोबरच लांकडाचें, हातानें घडविलेलें, एका माणसाच्या मापाचें रिकर्व्ह बाळगण्याची हौसही वाढत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत लांकडाच्या पातळ पट्ट्यांवर कांचतंतूंचे थर कृत्रिम रेझिननें चिकटविण्याची युक्ति निघाली. शिंग आणि स्नायु यांचें काम कांचेच्या तंतूंनीं पत्करलें, आणि पाण्यानें विरघळणारा सरस गेला. जी कमान निकितिनाच्या काळीं चौलच्या पावसांत टिकणें कठीण होतें, ती आज अलिबागच्या बंगल्यांत सुखानें राहूं शकते.

सुखानें म्हणजे निष्काळजीपणें नव्हे. मापाचें धनुष्य म्हणजे मापाच्या अंगरख्यासारखें. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोंकांमधलें अंतर इंचांत मोजतात आणि अडीचनें भागतात. येते ती त्या माणसाची खेंच. धनुष्याचा जोर पौंडांत सांगतात, पण तो अठ्ठावीस इंच खेंचीचा असतो. आंखूड हाताच्या माणसाला तेंच धनुष्य हलकें, लांब हाताच्याला भारी. नवशिके बहुधा अभिमानापोटीं भारी धनुष्य घेतात, आणि मग खांदा दुखूं लागल्यावर तें भिंतीवर टांगतात. टांगतात तेंही दोरी चढवून! दोरी चढविलेलें लांकडी धनुष्य दिवाणखान्यांत ठेवणें म्हणजे घोड्यावर खोगीर घालून त्याला बारा महिने उभा करणें. कांब बाक धरते आणि जोर कायमचा उतरतो. बाण न लावतां दोरी ओढून सोडणें याहून वाईट. बाणाबरोबर जी शक्ति निघून जावयाची ती धनुष्यांतच फिरते आणि बाहू चिरफाळतात. उन्हांत उभ्या मोटारींत ठेविलें तर रेझिनचे थर सुटूं शकतात. खाऱ्या वाऱ्यानें बाणांचे पोलादी फाळ गंजतात. त्यांना तेलाचा हात लागतो.

आणि बाण? हौशी लोक धनुष्यावर सगळा पैसा घालून बाण स्वस्तांतले घेतात. सुटल्याक्षणीं बाण सरळ जात नाहीं. तो मासोळीसारखा वळवळत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढें निघतो आणि मग सरळ होतो. धनुष्याच्या जोराशीं जुळणारा लवचिकपणा बाणांत नसेल, तर उत्तम धनुष्यही नेम चुकवितें. कातकरी शिकाऱ्याला ही गोष्ट पुस्तकावांचून ठाऊक असते. तो आपले बाण आपल्याच कमठ्यावर पारखून घेतो.

या दोन जगांची गांठ पडावयास जागा नाहीं असें नाहीं. भारतांतील सामन्यांत ‘इंडियन राउंड’ म्हणून एक प्रकार आहे. त्यांत बांबूचें धनुष्य वापरतात, आणि खेड्यांतील अनेक मुलांचा तिरंदाजींतला प्रवेश त्यांतूनच होतो. ज्यांना हातानें घडविलेल्या धनुष्याची खरी आवड आहे, त्यांनीं परदेशाकडे पाहण्याआधीं एकदां डोंगराखालच्या वाडीकडे पाहण्यास हरकत नाहीं. मात्र तेथें जाऊन शोभेचा रंगीत कमठा मागूं नये. आपल्या हातांचें माप द्यावें, किती ओढतां येतें तें दाखवावें, आणि भट्टीच्या मुकादमाकडून जेवढी उचल मिळते तेवढे पैसे दिवाळीपूर्वींच मोजावे, म्हणजे करणारा माणूस त्या हिंवाळ्यांत वाडीवर राहूं शकेल. कांब कार्तिकाच्या अंधाऱ्या पक्षांत तुटेल, धुरावर चढेल, शिमग्यापर्यंत वाळेल. धनुष्य हातीं येण्यास उन्हाळा लागेल.